ब्राउझरमध्येच रेणू त्रिमितीत बघायचे आहेत – कोणतं साधन कशासाठी?

खडूफळा

मंडळी, बारावीला जीवशास्त्र शिकवतो, गोंदियाकडे. पुस्तकात सिकलसेलची गोष्ट दोन ओळींत उरकलेली आहे: हिमोग्लोबिनच्या बीटा ग्लोबिन साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. मुलं पाठ करतात, मार्क पडतात, विषय संपतो. पण आमच्याकडे हा आजार पुस्तकापुरता नाही. वर्गात कोणी ना कोणी एएस पॅटर्नचं (वाहक) असतंच, कोणाचा भाऊ एसएस (रुग्ण) असतो. यंदा एका मुलीने सरळ विचारलं, "सर, ५७४ अमिनो आम्लांतली दोन बदलली तर अख्ख्या पेशीचा आकार का बदलतो?"

फळ्यावर चार गोल काढून याचं उत्तर देता येत नाही. रेणू प्रत्यक्ष फिरवून दाखवायला हवा. अडचणी अशा:

लॅबच्या कॉम्प्युटरवर काहीही इन्स्टॉल करायची परवानगी नाही (पासवर्ड ज्यांच्याकडे होता ते निवृत्त झाले). मुलांकडे फोन आहेत, डेटा जपून वापरतात. मला प्रोग्रामिंग येत नाही. आणि रसायनशास्त्राच्या मॅडमना याच साधनात बेंझिन आणि मीठसुद्धा दाखवायचं आहे.

नुसता दुवा नको, कोणी स्वतः वापरलेलं असेल तर सविस्तर लिहा.

अवलिया_अणू

सर, मोलस्टार घ्या. बाकीची चर्चा होत राहील.

प्रथिनांच्या रचना जिथे ठेवतात ती प्रोटीन डेटा बँक १९७१ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत सात रचनांवर सुरू झाली. आज दोन लाखांच्या वर आहेत. अमेरिकेची आरसीएसबी आणि युरोपची पीडीबीई या दोन्ही साइटांवर रचना दाखवायला आता मोलस्टारच असतो. पूर्वी त्यांचे वेगवेगळे दर्शक होते, एनजीएल आणि लाइटमोल. ते लिहिणाऱ्यांनीच एकत्र येऊन हा बनवला. इन्स्टॉल काही नाही, लॉगिन नाही, पैसे नाहीत.

तुमच्या मुलीचा प्रश्न तीन पायऱ्यांत सुटतो. कोड इथे देवनागरीत लिहितोय, शोधताना रोमन अक्षरांत टाका.

आधी ४एचएचबी उघडा. हे निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन, ऑक्सिजन सोडलेल्या अवस्थेतलं, १.७४ अँगस्ट्रॉम रिझोल्यूशनचं (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग; आकडा लहान तितका तपशील बारीक). दोन अल्फा साखळ्या, दोन बीटा, प्रत्येकीच्या पोटात एक हीम आणि हीमच्या मधोमध लोहाचा अणू. एका बोटाने फिरवा, दोन बोटांनी जवळ आणा. वरच्या पट्टीत अमिनो आम्लांची अक्षरं दिसतात. त्यातून बीटा साखळी, म्हणजे बी, निवडा आणि सहाव्या अक्षरावर टिचकी मारा. ते अक्षर ई आहे, ग्लुटामिक आम्ल. कॅमेरा आपोआप तिथे जाईल आणि ५ अँगस्ट्रॉमच्या आतलं सगळं काडी-गोळ्यांत उघडेल. ही जागा रेणूच्या बाहेरच्या अंगाला आहे हे मुलांना स्वतःला शोधू द्या. हे कळलं की अर्धं उत्तर हातात आलं.

मग २एचबीएस. हे सिकलचं, तेही ऑक्सिजन सोडलेलं, २.०५ अँगस्ट्रॉमचं. इथे सहाव्या जागी व्ही आहे, व्हॅलिन. बीटा साखळ्या चार आहेत. चारही सहाव्या जागांवर एकेक करून टिचकी मारा. कुठे आजूबाजूला फक्त पाणी आणि स्वतःचीच साखळी दिसेल. पण एका ठिकाणी *शेजारच्या* हिमोग्लोबिन रेणूची बीटा साखळी अगदी अंगाला भिडलेली दिसेल. तिच्यातले फिनाइलअलॅनिन ८५ आणि ल्युसिन ८८ मिळून एक खोबण करतात आणि आपलं व्हॅलिन नेमकं त्या खोबणीत जाऊन बसतं.

तुटक रेषा शोधत बसू नका. हा हायड्रोजन बंध नाही. तिन्ही तेलकट स्वभावाची आम्लं आहेत, पाणी टाळायला एकमेकांना चिकटतात. ग्लुटामिकवर ऋण भार असतो, पाण्यात सुखाने राहतं, त्याला त्या खोबणीची गरजच नसते.

शेवटची पायरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. दोन्ही रचनांमधली एकेक बीटा साखळी एकमेकींवर ठेवून बघा. आरसीएसबीवर तुलनेचं वेगळं पान आहे, चित्र तिथेही मोलस्टारच काढतो. जवळजवळ तंतोतंत बसतात. म्हणजे एका रेणूचा आकार फारसा बदललेलाच नाही! रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू होतात, चौदा-चौदा पदरांचे, आणि ते तंतू पेशीला आतून ताणतात. मुलीला सांगा, रेणू वाकत नाही, पेशी वाकते.

कांदाभजी

वाचनखूण साठवली. बारावीला हे असं कोणी सांगितलं असतं तर आज मी बँकेत नसतो.

तोरणमाळ

उत्तम धागा. नंदुरबार भागात सिकलसेलच्या समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे लगेच फोनवर करून बघितलं. ४एचएचबी मस्त उघडलं. पण २एचबीएसमध्ये मला एकच हिमोग्लोबिन दिसतंय, चार साखळ्या आणि बस. शेजारी कुठे आहे? चारही व्हॅलिन म्हणालात, माझ्याकडे दोनच आहेत.

आणि एक: आमच्याकडे काही तपासणी अहवालांत सहाव्याऐवजी सातव्या जागी बदल असं छापून येतं. लोक घाबरून विचारतात, हा वेगळा आजार आहे का?

अवलिया_अणू

@तोरणमाळ ताई, आजार तोच. पेशी प्रथिन बनवते तेव्हा पहिलं आम्ल मेथिओनिन असतं, ते पुढे छाटलं जातं. जनुकशास्त्राच्या आताच्या नियमाप्रमाणे ते मेथिओनिन मोजतात, म्हणून सात. जुन्या पद्धतीत ते धरत नाहीत, म्हणून सहा. डेटा बँकेतली हिमोग्लोबिनं जुन्या मोजणीची आहेत.

शेजारी न दिसण्याचं कारण: उजवीकडच्या पॅनेलमध्ये 'स्ट्रक्चर'खाली बघा, 'असेम्ब्ली' निवडलेलं असेल. ते 'मॉडेल' करा. आठ साखळ्या दिसल्या पाहिजेत. फोनवर ते पॅनेल लपलेलं असतं, पानाला बटण आहे.

तोरणमाळ

दिसलं!! फिनाइलअलॅनिनचं ते षटकोनी कडं आणि त्याला खेटून व्हॅलिन. समुपदेशनात हे चित्र चालेल का विचार करतेय. लोकांना रेणू नको असतात, मुलाला ताप आला तर काय करायचं ते हवं असतं. पण आशाताईंच्या प्रशिक्षणात नक्की दाखवणार.

शंकेखोर

एक मूलभूत शंका. 'असेम्ब्ली' केलं की चार साखळ्या, 'मॉडेल' केलं की आठ. मग खरं काय? हवं ते दिसेपर्यंत बटणं दाबायची, याला पुरावा म्हणायचं का?

प्रा_निवृत्त

@शंकेखोर, प्रश्न रास्त आहे आणि हे न समजता हजारो लोक ही साधनं वापरतात. स्फटिकशास्त्रात आयुष्य गेलं म्हणून थोडं पाल्हाळ लावतो, सहन करा.

क्ष-किरणांनी रचना काढायची तर प्रथिनाचा स्फटिक लागतो. स्फटिकात तोच तो नमुना अब्जावधी वेळा रचलेला असतो, म्हणून फाइलमध्ये अख्खा स्फटिक लिहीत नाहीत. ज्याच्यावर सममितीचे नियम चालवले की बाकी सगळं तयार होतं, तेवढाच सगळ्यात लहान तुकडा लिहितात. 'मॉडेल' म्हणजे तो तुकडा. 'असेम्ब्ली' म्हणजे शरीरात हे प्रथिन ज्या गटात वावरतं असं संशोधकांनी किंवा सॉफ्टवेअरने ठरवलं, तो गट. पहिलं हिशेबाच्या सोयीचं, दुसरं मत. बहुतेक वेळा चांगलं मत, पण मतच.

उलटं उदाहरण इन्सुलिनचं. ४आयएनएस उघडा, डुकराचं इन्सुलिन, १.५ अँगस्ट्रॉम. 'मॉडेल'मध्ये दोन रेणू आणि दोन जस्ताचे अणू दिसतील. जस्त अधांतरी लटकल्यासारखं वाटतं, धड कशाला बांधलेलं नाही. आता असेम्ब्लीच्या यादीतून सहा रेणूंचा गट निवडा. एकदम तीन बाजूंनी तीन हिस्टिडिन येऊन प्रत्येक जस्ताला धरतात, बी साखळीतले दहावे. स्वादुपिंडात इन्सुलिन असंच षटकाच्या रूपात साठवलं जातं. इथे 'मॉडेल' अपुरं होतं, सिकलमध्ये 'असेम्ब्ली' अपुरी होती.

इन्सुलिनची ही रचना प्रथम १९६९ मध्ये ऑक्सफर्डला डोरोथी हॉजकिन यांच्या गटाने काढली. त्या गटात आपले एम. विजयन होते, ज्यांनी नंतर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथिन-स्फटिकशास्त्राची पिढी घडवली. तेव्हा इलेक्ट्रॉन घनतेचे नकाशे पारदर्शक पत्र्यांवर काढून एकावर एक रचायचे आणि त्यातून साखळीची वाट शोधायची. आजची मुलं फोनवर बोटाने फिरवतात. हेवा वाटतो, दुसरं काय.

राहिला सिकलचा मुद्दा. स्फटिकातला शेजारी खरा की स्फटिक करताना योगायोगाने लागलेला, ही शंका २एचबीएसलाही विचारता येते. तिथे उत्तर भक्कम आहे, कारण या स्फटिकात रेणूंचे जे दुपदरी सर दिसतात तसेच सर रोगाच्या तंतूत असल्याचं इतर पुराव्यांवरून दिसतं. फरक एवढा की स्फटिकात सर सरळ आहेत, तंतूत पिळलेले.

शंकेखोर

धन्यवाद सर, समाधान झालं. म्हणजे थोडंसं. अजून एक: हायड्रोजन कुठे गेले? दोन्हीत एकही पांढरा गोळा नाही. आणि लाल ठिपके भरपूर आहेत, ते काय?

प्रा_निवृत्त

क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. हायड्रोजनपाशी एकच इलेक्ट्रॉन, तोही बंधात गुंतलेला. दोन अँगस्ट्रॉमच्या रचनेत तो दिसत नाही, म्हणून फाइलमध्ये नसतो. सुटे लाल ठिपके म्हणजे पाणी; त्यातला फक्त ऑक्सिजन दिसतो. रंग अर्थात संकेत आहेत, अणूंना रंग नसतो. ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, गंधक पिवळा. मोलस्टारमध्ये कार्बनचा रंग साखळीप्रमाणे बदलतो, तिथे मुलं गोंधळतात, आधीच सांगून ठेवा.

काड्यासुद्धा जपून बघा. जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये नेहमीच्या अमिनो आम्लांचे बंध लिहिलेलेच नसतात, फक्त अणूंचे निर्देशांक असतात. काडी कुठे काढायची ते दर्शक अंतरावरून किंवा स्वतःजवळच्या रेणूंच्या शब्दकोशावरून ठरवतो. म्हणून अनोळखी औषधाचा रेणू एका साधनात बरोबर आणि दुसऱ्यात विचित्र दिसू शकतो. साखळीत मध्येच ठिपक्यांची रेघ आली तर तिथला भाग प्रयोगात दिसला नाही, असा अर्थ.

जुनाखोड

प्राध्यापकसाहेबांनी पत्र्यांची आठवण काढली, मी नेटस्केप या जुन्या ब्राउझरची काढतो.

१९९०च्या दशकात रासमोल होतं, रॉजर सेल यांचं. काळी खिडकी, त्यात इंग्रजीत आज्ञा टंकायच्या. मग त्यावर बेतलेलं चाइम नावाचं प्लगइन आलं आणि पहिल्यांदा वेबपानाच्या आत रेणू फिरला. नेटस्केप गेलं, चाइमही गेलं. मग जेमोल, जावा ॲप्लेटमधलं. पान उघडलं की आधी जावा अपडेट करा, मग सुरक्षेची धोक्याची पाटी, मग 'तरीही चालवा'. तोवर तास संपायचा. २०१५ मध्ये क्रोमने जुनी प्लगइनं पूर्ण बंद केली आणि जगभरच्या शिक्षकांची पानं एका रात्रीत कोरी झाली.

त्यातून वाचलं ते जेमोल, कारण सेंट ओलाफ कॉलेजच्या बॉब हॅन्सन यांनी त्याआधीच अख्खं जेमोल जावामधून जावास्क्रिप्टमध्ये उतरवून जेएसमोल करून ठेवलं होतं. ते आजही चालतं. हळू आहे, मान्य, पण त्याच्या आज्ञांची भाषा इतकी समृद्ध आहे की रसायनशास्त्राची बरीच शिक्षणाची पानं अजून त्यावरच उभी आहेत. लिव्हरपूल विद्यापीठाचं केमट्यूब-थ्रीडी बघा. अभिक्रिया होताना बंध कसे तुटतात-जुळतात ते फिरवत बघता येतं. रसायनाच्या मॅडमना हे आधी दाखवा.

बाकीची आजची साधनं वेबजीएलवर चालतात. २०११ साली ते प्रमाण ठरलं, त्यामुळे ब्राउझर थेट ग्राफिक्स कार्डाशी बोलतो, मध्ये प्लगइन नाही. म्हणून वेग.

पायमोलभक्त

माफ करा, पण हे सगळं खेळणं आहे. संशोधनाला पायमोल किंवा कायमेराएक्ससारखं यंत्रावर इन्स्टॉल केलेलं सॉफ्टवेअरच लागतं. ब्राउझर मोठ्या रचना उघडताना मान टाकतो.

अवलिया_अणू

@पायमोलभक्त, ३जे३क्यू उघडून बघा आणि मग बोलू. एचआयव्हीचं संपूर्ण कॅप्सिड (विषाणूच्या आतलं प्रथिनांचं कवच), २४ लाखांहून जास्त अणू, तेराशेच्या वर साखळ्या. जुन्या फाइल पद्धतीत ते एका फाइलमध्ये मावतच नाही, कारण अणुक्रमांकाला पाचच रकाने आहेत, ९९,९९९ला गाडी थांबते. मोलस्टार बायनरी-सीआयएफ नावाची दाबलेली फाइल ओढतो आणि माझ्या साध्या लॅपटॉपवर हे कॅप्सिड फिरतं.

शोधनिबंधातली आकृती, शेकडो रचनांवर एकच स्क्रिप्ट चालवणं, यासाठी तुमचं पायमोल हवंच, वाद नाही. पण सरांना आकृती छापायची नाही.

पायमोलभक्त

उघडलं. फिरलं. पंखा जरा ओरडला, पण फिरलं. स्क्रिप्टचा मुद्दा मात्र सोडत नाही.

मधली_सुट्टी

रसायनवाल्यांसाठी मी लिहिते, अकरावीला तेच शिकवते.

लहान रेणूंना मोलस्टार म्हणजे उगाच मोठं अवजार. मोलव्ह्यू वापरा. डावीकडे हाताने रेणू काढायचा, बटण दाबलं की उजवीकडे त्रिमितीत. किंवा नाव टाकायचं: कॅफीन, ॲस्पिरिन, काहीही. सायक्लोहेक्झेन खुर्चीच्या आकारात का असतं हे सांगायला पूर्वी मी काड्यापेटी आणि वाटाणे नेत असे, आता मुलं स्वतः फिरवतात आणि आडव्या-उभ्या हायड्रोजनांवरून माझ्याशीच वाद घालतात.

पण एक सांभाळा. मोलव्ह्यू किंवा पबकेम या रसायनांच्या साठ्यातला लहान रेणूचा त्रिमितीय आकार बहुतेक वेळा *गणिताने काढलेला* असतो, प्रयोगात मोजलेला नव्हे. ब्यूटेनचा जो आकार समोर येतो तो अनेक शक्य आकारांपैकी एक. वायूत तो सारखा वळत असतो. हे न सांगता दाखवलं तर मुलं समजतात ब्यूटेन तसाच ताठ असतो.

मिठाचं तर विचारूच नका. पबकेममध्ये सोडियम क्लोराइडचं त्रिमितीय चित्र मिळत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण मिठाचा सुटा रेणू असा नसतोच. मोलव्ह्यूत खनिजाच्या नावाने शोधा, हॅलाइट. मग स्फटिकाचा एकक कोश येतो आणि 'सुपरसेल' केलं की चहूबाजूंनी जाळं पसरतं. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन मोजायला लावा. 'मिठाचा रेणू' हा शब्दप्रयोग त्या दिवसापासून वर्गातून जातो.

खडूफळा

खूपच छान प्रतिसाद, सगळ्यांचे आभार. मॅडमना हॅलाइट दाखवलं, त्या आता लॅबमधून उठायला तयार नाहीत.

लॅबच्या कॉम्प्युटरांचा मात्र घोळ आहे. काहींवर मोलस्टार चालतो, काहींवर नुसती पांढरी चौकट आणि वेबजीएल नसल्याची इंग्रजी ओळ. ब्राउझर सगळीकडे तोच आहे.

जुनाखोड

ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'सिस्टम'खाली हार्डवेअर ॲक्सिलरेशनचं बटण असतं. कोणीतरी बंद केलेलं असणार. चालू करून ब्राउझर पुन्हा उघडा. तरीही नाही झालं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना असेल. ब्राउझर काही जुने ड्रायव्हर धोकादायक म्हणून स्वतःच नाकारतो, आणि ड्रायव्हर बदलायला तो निवृत्त पासवर्ड लागणार. अशा यंत्रांवर जेएसमोल चालवा. ते वेबजीएलशिवायही चित्र काढतं.

इंटरनेटचा भरवसा नसेल तर फाइल आदल्या दिवशी उतरवून ठेवा आणि मोलस्टारचं पान उघडल्यावर ती ओढून त्यात टाका.

परदेशस्थ_पोहे

या शेवटच्या ओळीवरून विचारते. आमच्या गटाची एक रचना अजून प्रसिद्ध व्हायची आहे. ती अशी ओढून टाकली तर फाइल त्यांच्या सर्व्हरवर जाते का? आमचे मार्गदर्शक या बाबतीत फार कडक आहेत.

अवलिया_अणू

नाही, तुमच्या यंत्रावरची फाइल ब्राउझरच्या आतच वाचली जाते. सर्व्हरवरून येतो तो फक्त प्रोग्राम. पण तुलना करणं, रचना शोधणं, अशा सेवा मात्र फाइल सर्व्हरवर चढवूनच काम करतात. ते बटण दाबण्याआधी मार्गदर्शकांना विचारा. 'सेव्ह स्टेट' करून यंत्रावर उतरवलेली फाइल सहकाऱ्याला पाठवली तर रचनाही सोबत जाऊ शकते, तेही ध्यानात ठेवा.

पायथन येत असेल तर थ्रीडीमोल बघा, पिट्सबर्ग विद्यापीठातून आलेलं. नोटबुकमध्ये दोन-तीन ओळींत रेणू उभा राहतो. स्वतःच्या वेबपानातही टाकता येतो: एक स्क्रिप्टची ओळ आणि रचनेचा कोड लिहिलेली एक चौकट. कोड इथे डकवला असता, पण आपला एडिटर टॅग गिळून टाकतो.

ज्ञानपिपासू_२

मला कळत नाही, एवढी खटपट कशाला? प्रथिनाच्या आकाराचा अंदाज बांधणारं अल्फाफोल्ड आहे ना. २० कोटींहून जास्त प्रथिनं, नोबेल मिळालंय २०२४चं. बीटा ग्लोबिन टाकलं, सहावं बदललं, काम झालं.

प्रा_निवृत्त

बरं झालं विषय काढलात. अल्फाफोल्डच्या साठ्यात मानवी बीटा ग्लोबिन उघडा. पानावर मोलस्टारच आहे, त्यामुळे हाताळणी तीच. साखळीची घडी सुंदर, जवळपास सगळी गडद निळी, म्हणजे अंदाजावर शंभरपैकी ९०च्या वर भरवसा. आता त्यात हीम शोधा.

नाही ना? लोहही नाही. अल्फा साखळी नाही, शेजारी नाही. हीम जिथे बसायला हवं तिथे मोकळी पोकळी. त्या साठ्यातले हे नमुने फक्त प्रथिनाच्या साखळीचे आहेत. आणि एकच आम्ल बदलल्याने काय बिघडतं हे सांगायला ते तपासलेले नाहीत, असं त्या साइटवरच लिहिलंय. सिकलचा तर सगळा खेळ दोन रेणूंच्या मधल्या जागेत आहे. एकट्या साखळीचा नमुना कितीही अचूक असला तरी तो तिथे पोहोचत नाही.

ज्ञानपिपासू_२

मान्य. पण मग मी बघितलेल्या एका प्रथिनात अर्ध्या भागात केशरी शेवया पसरल्या होत्या, रेणूच्या चौफेर. तो काय प्रकार? बिघडलेलं प्रथिन?

प्रा_निवृत्त

केशरी म्हणजे भरवसा ५०च्या खाली. पिवळा ५० ते ७०, फिकट निळा ७० ते ९०. त्या शेवयांच्या आकाराला काही अर्थ नाही. बरेचदा त्या भागाला पेशीतही एक ठरलेला आकार नसतो. तिथून अंतरं मोजू नका, आकृतीत छापू नका.

तोरणमाळ

प्रशिक्षणाच्या तयारीत एका आशाताईने विचारलं, "मग ते हायड्रॉक्सियुरियाची गोळी देतात ती या खोबणीत जाऊन बसते का?" मला काही सुचेना. बसते का?

अवलिया_अणू

नाही. तिचं काम वेगळ्याच वाटेने चालतं. गर्भात असताना आपल्याकडे बीटाऐवजी गॅमा साखळीचं हिमोग्लोबिन असतं, ती गोळी मुख्यतः ते पुन्हा वाढवते. गॅमावालं हिमोग्लोबिन तंतूत नीट सामील होत नाही, म्हणून तंतू उशिरा आणि कमी होतात. हे दर्शकात टिचकी मारून दिसणार नाही. कोणतं जनुक किती चालू आहे हे रचनेच्या फाइलमध्ये नसतंच.

भोसरी_टू_बर्लिन

अवांतर, पण पुणेकरांना आवडेल. ३पीव्हीए उघडा. पेनिसिलीन व्ही असायलेज, पेनिसिलीनची एक बाजू कापून काढणारं विकर, नवी प्रतिजैविकं बनवायच्या कामाचं. ही रचना १९९९ साली प्रसिद्ध झाली, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी मिळून केलेली. साखळीतलं पहिलंच आम्ल शोधा, सिस्टीन. कापण्याचं काम तेच करतं, म्हणजे या विकराची सुरी साखळीच्या अगदी टोकाला आहे. सुरुवातीला त्याच्यापुढेही काही आम्लं असतात. ती छाटली गेल्यावरच विकर कामाला लागतं.

पुढचा प्रश्न माझा: करोनाच्या काट्याचं प्रथिन उघडलं तर त्यावर निळे ठोकळे दिसतात, हे काय?

परदेशस्थ_पोहे

साखरा. प्रथिनावर चिकटलेल्या शर्करांसाठी मोलस्टार ठरलेली चिन्हं काढतो: निळा ठोकळा म्हणजे एन-ॲसिटिलग्लुकोसअमीन, हिरवा गोळा मॅनोज, पिवळा गोळा गॅलॅक्टोज. ठोकळ्याखालचे खरे अणू बघायचे असतील तर त्यावर टिचकी मारा.

खडूफळा

तास घेतला. फोनवर गट करून. दोन गटांना खोबण स्वतः सापडली, बाकीच्यांना दाखवावी लागली. एकाने हीम शोधताना लोह आणि नायट्रोजनमधली अंतरं मोजायचा हट्ट धरला, त्याला निवड आणि मोजमापाची बटणं दाखवून मोकळा सोडला. प्रश्न विचारणाऱ्या मुलीचा पुढचा प्रश्न: "मग व्हॅलिनऐवजी दुसरं काही आलं तर?" घरी जाऊन बघतो म्हणालो.

आता तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात याचे फलक करायचे आहेत. मोलस्टारमधून काढलेली चित्रं छापली तर चालतात का? कोणाची परवानगी?

मधली_सुट्टी

@खडूफळा, मुलीला हिमोग्लोबिन सी सांगा. तिथे त्याच सहाव्या जागी लायसिन येतं, धन भाराचं. तंतू होत नाहीत, आजार सौम्य असतो.

परदेशस्थ_पोहे

प्रोटीन डेटा बँकेतल्या रचना सीसी-शून्य परवान्याखाली आहेत, म्हणजे कोणाला विचारायची गरज नाही. तरी फलकावर रचनेचा कोड आणि मोलस्टारचं नाव लिहा, बघणाऱ्याला घरी जाऊन उघडता येईल. अल्फाफोल्डचा नमुना वापरलात तर त्याचा परवाना सीसी-बाय आहे, तिथे श्रेय देणं बंधनकारक. चित्र काढताना पडद्याचा फोटो घेऊ नका, उजव्या कडेला कॅमेऱ्याच्या झडपेसारखं चिन्ह आहे, त्यातून मोठ्या आकाराचं निघतं. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवायची सोयही तिथेच आहे.